पाच मिनिटांचा संसार

माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका मुलाने परवा आपला लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, पाचच मिनिटे हा खेळ खेळून पाहा." व्हिडिओ गेम म्हणजे गोळीबार आणि आरडाओरडा, अशी माझी समजूत. बडोद्यातल्या आपल्या जुन्या घरांतून बहुतेकांची हीच असावी. मुलाचे मन मोडू नये म्हणून खेळायला बसलो. खेळ संपल्यावर मात्र तानपुरा हाती घ्यायला थोडा वेळ लागला.

'पॅसेज' हे त्या खेळाचे नाव. जेसन रोहरर या अमेरिकन कर्त्याने तो २००७ साली रचला. चित्राची पट्टी अवघी १०० ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. डाव्या टोकाला एक तरुण उभा असतो आणि जवळच एक स्त्री. तिला स्पर्श केला की दोघे जोडीने चालू लागतात. वाटेत पेट्या ठेवलेल्या आहेत, काहींत धन आहे. पण अरुंद फटीतून एकट्यालाच जाता येते. जोडीला तिथे वाट नाही. उलट, जोडीने चालले तर वाटचालीचे गुण दुप्पट पडतात. चालता चालता केस विरळ होतात. एका क्षणी ती जाते, मागे थडगे उरते. तो थोडा रखडत चालतो आणि तोही जातो. पुन्हा जीव मिळत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली हा खेळ आपल्या संग्रहात घेतला.

यात प्रेमाचा एकही शब्द नाही. मग अर्थ येतो कुठून? नियमातून. आपल्या मंडळींना हे नवे वाटू नये. मारव्यात पंचम वर्ज्य आणि षड्जावरही फार विसावायचे नाही. त्यातूनच त्या रागाची हुरहुर उभी राहते. बंदिशीचे शब्द कोणतेही असोत. इथेही अरुंद फट हाच तो वर्ज्य स्वर.

असे प्रयत्न आणखीही झाले आहेत. रॉड हंबल याच्या 'द मॅरेज' या खेळात संसार म्हणजे दोन चौकोन, एक निळा व एक गुलाबी. ते जवळ येतात, दुरावतात, वाढतात, फिकट होतात. पण खेळाबरोबर कर्त्याला खुलासा लिहावा लागला आणि हे आपले अपयश असल्याचे त्याने स्वतःच कबूल केले. गाण्याबरोबर भाष्य द्यावे लागले तर मैफल जमली नाही, असेच आपणही म्हणतो. २०१८ सालचा 'फ्लॉरेन्स' मात्र जमला आहे. त्यातला नायक क्रिश हा भारतीय वंशाचा चेलोवादक. पहिल्या भेटीत एकेक वाक्य बरेच तुकडे जुळवून तयार करावे लागते. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडणात त्याच तुकड्यांना टोके फुटतात. ज्याने संसार केला आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता घरची गोष्ट. माझे वडील तरुणपणी दरबारात गायले. संस्थान गेले तरी राजवाड्यातल्या सणासमारंभांची हजेरी त्यांनी चुकवली नाही. त्यांच्यामागे तानपुरा धरून आई बसे. तिचा गळा सुरेल आहे, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. पण ती एकटी गायला बसलेली मी कधी पाहिली नाही. आज तिने ऐंशी ओलांडली आहे. 'पॅसेज' मी तिला दाखवला. शेवटपर्यंत तिने शांतपणे पाहिले आणि विचारले, "अरे, कुठे जायचे हे ही बाई कधी ठरवते?"

कधीच नाही. तो नेईल तिकडे ती जाते. फटीपलीकडे तिचीही एखादी पेटी असेल, याचा हिशेब त्या खेळात नाही. आमच्या घरातही कोणी ठेवला नव्हता, मीही नाही. खेळाची ही उणीव मला दिसली नव्हती. जिच्या आयुष्यात ती होती तिलाच दिसली.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. या खेळांना पोरखेळ म्हणून बाजूला सारू नये आणि परदेशी संग्रहालयाने घेतले म्हणून डोक्यावरही घेऊ नये. मैफलीचे करतो तसेच यांचेही परीक्षण व्हावे: कोणते नियम बांधले, त्यांतून काय उमटले, कोण राहून गेले. मुले हे खेळ एकटीच खेळतात. त्यांच्याशेजारी पाच मिनिटे घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसावे. आणि त्यांत घरातल्या बायकांना आधी बसवावे, आधी विचारावे. आम्ही विचारायला फार उशीर केला.