कुंडलिकेचं पाणी कोणाच्या जाहीरनाम्यात?

सप्टेंबर २०२२मध्ये बल्क ड्रग पार्क महाराष्ट्राच्या हातून गेला आणि मुंबईत खापरफोडी सुरू झाली. केंद्राने पसंती दिली होती गुजरात, हिमाचल आणि आंध्रला. मागे पडला तो रायगडच्या रोहा-मुरुड तालुक्यांतला प्रस्ताव. आदित्य ठाकरे शिंदे सरकारवर तुटून पडले, सत्ताधाऱ्यांनी मागच्या सरकारकडे बोट दाखवलं. भांडण एवढ्यापुरतंच, की प्रकल्प घालवला कोणी. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी कुठे सोडणार होते? जमिनी द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांचं काय? त्या भांडणात हे कोणी विचारलंच नाही. बरं, ठाकरे आधीच्या सरकारात मंत्री होते ते पर्यावरण खात्याचे!

त्याच सरकारात अदिती तटकरे उद्योग राज्यमंत्री आणि रायगडच्या पालकमंत्री होत्या. पुढे २०२४च्या लोकसभेला त्यांचे वडील सुनील तटकरे राष्ट्रवादीच्या घड्याळावर आणि अनंत गीते ठाकरेंच्या शिवसेनेच्या मशालीवर समोरासमोर उभे राहिले. तटकरे ८२ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पण ड्रग पार्कसाठी महाराष्ट्राने दावा केला, तेव्हा दोघांचेही पक्ष एकाच मंत्रिमंडळात बसत होते. मग मतदाराने तुलना करायची कशाची, चिन्हांची?

पेणमध्ये तर तुलनेची सोयच उरली नाही. २०१९च्या विधानसभेला रवीशेठ पाटील भाजपकडून लढले, धैर्यशील पाटील शेकापकडून. २०२३ला धैर्यशीलही भाजपमध्ये गेले. पक्ष बदलताना डोलवीचा पोलाद कारखाना, धरमतरची खाडी, खारेपट्ट्यातली शेती यांविषयीची भूमिका बदलली की तीच राहिली, हे मतदाराला कळायला नको?

आणि दरम्यान रोह्याची कुंडलिका नदी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत ती आहे. रासायनिक कारखान्यांची धाटाव एमआयडीसी तिच्याच काठी.

उमेदवारांना भूमिका घ्यायला लावता येते, हे याच मातीने दाखवलंय. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध शेकापचे नेते एन. डी. पाटलांसह गावं उभी राहिली आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. निकाल सरकारने गुंडाळून ठेवला, पण सेझही उभा राहिला नाही. तेव्हा भूमिका गावाने ठरवली होती आणि पुढारी मागून आले होते.

आता दारात येईल त्या उमेदवाराकडून, तो घड्याळाचा असो, मशालीचा, कमळाचा की शेकापचा, तीन उत्तरं लेखी घ्या. धाटावच्या सांडपाण्याची तपासणी गावकऱ्यांसमोर होणार का? रासायनिक प्रकल्प पुन्हा आला तर ग्रामसभेचा नकार मानणार का? पीओपीच्या गणेशमूर्ती घडवा, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको, असं मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ला सांगितलं. मग पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या मूर्ती कारखानदारांना शाडूकडे वळायला पैसा कोण देणार? उत्तर सहीसकट घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सही न करणाऱ्याचं नावही तिथेच लिहा.