लहान हॉल, मोकळा श्वास

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील घर गेल्या तीन-चार दशकांत पार बदलले. ओटा, पडवी, ओसरी, माजघर अशी बैठी घरे कमी झाली. रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि कुरकुंभ परिसरात कारखान्यांपाठोपाठ भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आणि वन बीएचके उभे राहिले. दहा बाय दहाच्या हॉलमध्येच पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात आणि रात्री अंथरुणेही तिथेच पडतात. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळही स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूटच आहे. त्यामुळे ‘हॉल मोठा कसा दिसेल?’ हा प्रश्न घरोघरी पडतो. तो केवळ हौसेचा प्रश्न समजू नये. त्याचे उत्तर चुकले, तर किंमत आरोग्याला मोजावी लागते.

जागेचा अंदाज आपण टेप लावून घेत नाही, डोळ्यांनी घेतो. पांढरी भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकते, तर गडद निळी किंवा मरून भिंत जेमतेम १० टक्के. जर्मनीतील माइन्झ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत छत जितके फिकट, तितके ते उंच भासते, असे दिसले. भिंती फिकट असल्या, तरी हाच परिणाम होतो. फरशीच्या रंगाने मात्र उंचीच्या अंदाजात फरक पडला नाही. म्हणजे महागडी फरशी बदलण्याआधी छताला आणि भिंतींना फिकट रंग देणे शहाणपणाचे.

सध्या नेमके उलटे चालले आहे. लहान हॉलमध्ये पीओपीचे छत करून आधीच कमी असलेली उंची आणखी घटवली जाते. एक भिंत गडद रंगाची, दुसरीवर पॅनेल, टीव्हीभोवती भिंतभर कपाट आणि खिडकीला टेकून सोफा. जाड पडदा दिवसाही ओढलेला. मग दुपारी बाराला ट्यूबलाइट लावावी लागते. खोली नवी दिसते खरी, पण तिचा श्वास कोंडतो.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत याचे साधे गणित आहे. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. उष्ण व कोरड्या हवामानात दारे वगळून खिडक्या व झरोक्यांचे क्षेत्रफळ फरशीच्या किमान एक दशांश हवे. शंभर चौरस फुटांच्या हॉलला दहा चौरस फूट. तीन बाय तीनची खिडकी इथेच कमी पडते. त्यात तिचा अर्धा भाग कपाटामागे गेला, तर उरते काय?

हा धडा महाराष्ट्राने एकदा महागात शिकला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. दाट, अंधाऱ्या वस्त्यांत हवा खेळावी म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते त्यातूनच निघाले. प्लेग हवेअभावी नव्हे, तर प्रामुख्याने उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. पण क्षयरोगाच्या बाबतीत तो धडा तंतोतंत लागू आहे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात, वाहत्या हवेत विरळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरविषयक मार्गदर्शक सूचनांतही दाटीवाटी टाळण्यावर भर आहे. एका खोलीत चार-पाच कामगार पाळीपाळीने झोपतात, तिथे रात्रपाळीवाल्यासाठी खिडकी दिवसभर बंदच राहते. खरी जोखीम तिथे आहे.

मग करावे काय? पहिला उपाय फुकटचा: खिडकीसमोरची जागा मोकळी करा. उंच कपाट खिडकी नसलेल्या भिंतीला लावा. सोफा-कम-बेड किंवा दिवाण असा घ्या, की त्याखालची फरशी दिसेल आणि झाडूही फिरेल. रोज न लागणारे सामान माळ्यावर टाका. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावल्यास उजेड आत खोलवर जातो आणि खोली दुप्पट खोल भासते. पडदे पातळ आणि फिकट हवेत. डासांची जाळी दर पंधरवड्याला धुवा, कारण धुळीने भरलेली जाळी हवा अडवते. एकच खिडकी असेल, तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालवून मधले दार उघडे ठेवा, म्हणजे हवा हॉलमधून ओढली जाते. एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडक्या बंद ठेवून संध्याकाळी व रात्री उघडाव्यात. पत्र्याच्या छताला बाहेरून पांढरा रंग दिला, तर ऊन परतून आतली धग कमी होते.

रंग घेताना डब्यावरची माहितीही वाचावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. जुना रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा. रंग दिल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

मात्र सगळा भार राहणाऱ्यावर टाकून चालणार नाही. ज्या खोलीला खिडकीच नाही, तिथे रंग आणि आरसा काय करणार? भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्या मालकांनी समोरासमोर दोन झरोके ठेवले, तर खर्चात फारसा फरक पडत नाही. बांधकाम परवानगी देणाऱ्या यंत्रणांनी नकाशातली खिडकी प्रत्यक्षात आहे का, हे पाहिले पाहिजे. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनीही त्याचा आग्रह धरावा. कारखान्यांसाठी जमीन, पाणी, रस्ता मोजून दिला जातो. तिथे राबणाऱ्याच्या वाट्याची हवाही तशीच मोजून मिळाली पाहिजे.