म्हाताऱ्यांचा फोटो कोणासाठी?

दसरा-दिवाळी उलटली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरली कुटुंबं घराला कडी लावून निघतात. याला तिथे 'जगायला जाणं' म्हणतात. सफाळे-पालघरपासून वसई-भिवंडीपर्यंतच्या वीटभट्ट्यांवर ती पावसाच्या तोंडापर्यंत राहतात. सोबत म्हातारी माणसंही येतात. विटा थापणं झेपत नसलं तरी नातवंडं सांभाळणं, सुकत घातलेल्या विटा उलटवणं त्यांच्याकडे असतं. उचल कर्त्या जोडप्याच्या नावावर, आठवड्याची खर्चीही त्याच्याच हाती. आजीचं काम कुठल्याच हिशेबात येत नाही. रेशनकार्डावर नाव असलं तरी दुकानातल्या मशीनवर 'अंगठा उठत नाही', कारण मातीत आणि वाळूत बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. अशा माणसांचे फोटो काढूच नयेत, त्यांच्या हलाखीचं प्रदर्शन होतं, असं म्हणणारे सुजाण लोक पुष्कळ आहेत. मला हे मत चुकीचं वाटतं. मात्र ते ज्या अनुभवातून आलं आहे, तो खोटा नाही.

1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यात माणसं आहेत ती जाती-जमातींचे नमुने म्हणून. आजही सुरकुत्यांनी भरलेला चेहरा जवळून टिपायचा आणि खाली 'आदिवासी वृद्धा' एवढंच लिहायचं, ही त्याच खोडीची पुढची पिढी आहे. पण यात दोष कॅमेऱ्याचा मानला, तर सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जे छायाचित्रण केलं, त्याचं काय करायचं? तिथे काम दिसतं, कामाची जागा दिसते, आणि शहराला आपल्या पायाखाली कोण राबतं हे बघावं लागतं. तेव्हा चुकतं ते नाव, गाव आणि काम गाळण्यात. फोटो न काढण्याने ती गाळणूक भरून येत नाही; उलट पुरी होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कागद नसलेल्या माणसाचा चेहरा उघड करणं म्हणजे त्याला आणखी अडचणीत टाकणं, आणि मुकादम शेजारी उभा असताना मिळालेला होकार हा होकारच नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच भट्टीवर माघात फोटो काढण्यापेक्षा श्रावण-भाद्रपदात पाड्यावर जावं. तिथे म्हातारा आपल्या ओटीवर बसलेला असतो, उचलीचं ओझं मानेवर असलं तरी मुकादम समोर नसतो, आणि 'नको' म्हणणं सोपं जातं. चेहरा नको म्हणाला तर हात टिपावेत. प्रसिद्ध करायचं की नाही, हा निर्णय त्याचा.

पण या फोटोंची खरी गरज मला प्रदर्शनाच्या भिंतीवर दिसत नाही, कचेरीच्या टेबलावर दिसते. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांतला तेरावा नियम पुरावा म्हणून दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं निवेदन मान्य करतो. घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी यांसारख्या खुणाही मानतो. जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असावी लागते. आज जो सत्तरीचा आहे तो तेव्हा पन्नाशीचा होता. बांध कोणी घातला, कोणत्या साली पावसाने फोडला, हे त्यालाच माहीत. तो गेला की साक्ष गेली. आजच्या फोटोने 2005 सिद्ध होत नाही, हे खरं. पण त्या बांधावर उभं राहून, बोटाने हद्द दाखवणाऱ्या माणसाचा फोटो आणि त्याच दिवशी लिहून घेतलेलं त्याचं म्हणणं एकत्र ठेवलं, तर कुठल्या बांधाबद्दल तो बोलत होता यावर पुढे वाद घालणं अवघड होतं. कचेरीतली दुसरी अडचण वयाच्या पुराव्याची: श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला वयाची 65 वर्षं पूर्ण असावी लागतात. शाळेचा दाखला नसलेल्याला वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालतो, पण तिथवर त्याला घेऊन जाणारं कोणीतरी लागतं. पाड्यावर फोटो काढायला येणाऱ्याने ही खेप करावी, अशी अपेक्षा मी ठेवतो. ती जास्त आहे असं मला वाटत नाही.

आणि एक प्रत त्याच घरात राहिली पाहिजे. कुडाच्या घरात कागद बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत, वाशाला टांगलेले असतात: आधार, रेशनकार्ड, कधीतरी दिलेल्या अर्जाची पोच. फोटोच्या मागे नाव, पाडा, तारीख आणि बांधाची खूण लिहून तो त्या पिशवीत जावा. दिवाळीनंतर घर बंद होईल तेव्हा पिशवी बरोबर निघते. भट्टीवरच्या खोपीतही ती पहिल्यांदा वर टांगली जाते.