सोफीने प्रश्न विचारायचे कधी?

नावाजलेल्या पुस्तकाविषयी ‘ठीक आहे’ एवढेच म्हणणे आपल्याकडे अवघड असते. स्तुती करणारा रसिक ठरतो, झोडपणारा समीक्षक. मधल्या माणसाला पुस्तक कळलेच नाही, असे सगळे धरून चालतात. तरीही यूस्टाइन गॉर्डर यांची ‘सोफीज वर्ल्ड’ वाचून माझे मत मधलेच राहिले.

१९९१ मध्ये नॉर्वेत प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पुढे ५० हून अधिक भाषांत गेली. गॉर्डर स्वतः तत्त्वज्ञानाचे शिक्षक. त्यांच्या १४ वर्षांच्या सोफीला टपालपेटीत चिठ्ठ्या सापडतात. ती कोण आहे, जग कुठून आले, असे विचारणाऱ्या. मग अल्बर्टो नॉक्स नावाचा गुरू तिला सॉक्रेटिसच्या आधीपासून थेट सार्त्रपर्यंत फिरवून आणतो.

लेखकाची शिकवण्याची हातोटी मान्य करायलाच हवी. डेमोक्रिटसचा अणुविचार त्यांनी लेगोच्या ठोकळ्यांनी इतका सोपा केला आहे, की सातवीतल्या मुलालाही तो समजावा. आपण एका मेजरने मुलीसाठी लिहिलेल्या गोष्टीतले पात्र आहोत, हे सोफीला बर्कलेच्या पाठाशी उमगते. तिथे तत्त्वज्ञान आणि कथा खरोखर एकजीव होतात.

एरवी मात्र अल्बर्टो बोलतो आणि सोफी बहुतेक वेळा मान डोलावते. अखेरीस दोघे मेजरच्या तावडीतून निसटू पाहतात खरे, पण तो बेतही अल्बर्टोचाच! सॉक्रेटिसचे मोठेपण सांगणाऱ्या पुस्तकात सॉक्रेटिसची उलटतपासणी फारशी नाही. अशा वेळी कठोपनिषदातला नचिकेत आठवतो. यम त्याला संपत्ती आणि दीर्घायुष्य देऊ करतो, पण पोर हटत नाही. मृत्यूनंतर माणूस उरतो का, हे त्याला कळायलाच हवे असते. ती तहान सोफीत मला क्वचितच दिसली.

मुलांनी विचार करावा म्हणून आईवडील हे पुस्तक हौसेने भेट देतात. म्हणूनच हे सांगावेसे वाटते. सनावळ्या पाठ करण्याची सवय आपल्या मुलांना आहेच. त्यात कांट आणि हेगेल यांची भर पडली, तर विचार कुठे सुरू झाला? तेव्हा पुस्तक जरूर द्या. पण एक पाठ संपला की ते मिटून ठेवा आणि विचारा, ‘तुला हे पटले का? का पटले नाही?’ मूल वाद घालू लागले, तर जेवण थोडे लांबले तरी चालेल.