राक्षसांची खानेसुमारी

आमची तरुण मंडळी अलीकडे अद्भुत कादंबऱ्या लिहू लागली आहेत, याचा मला आनंद आहे. पण त्यांनी काढलेल्या नकाशावरून बोट फिरवू लागलो की तो ओसरतो. उत्तरेच्या वनात देखणे, दीर्घायुषी एल्फ; डोंगराच्या पोटात दाढीवाले, बुटके ड्वार्फ, जन्माचे कारागीर; आणि पूर्वेच्या ओसाड माळावर ऑर्क, म्हणजे कुरूप, घाणेरडे आणि आईच्या पोटातूनच दुष्ट. प्रत्येक वंशाला एक स्वभाव, एक धंदा, एक वस्ती. लेखक अभिमानाने सांगतात, ही विश्वरचना! आमच्या खेड्यात हिला गावकूस म्हणत. तिथेही धंदा जन्माने ठरे आणि घर कोणत्या दिशेला असावे तेही.

दोष टोल्किनसाहेबांवर ढकलून सुटका नाही. त्यांचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 साली प्रसिद्ध झाले. अख्खी एक जमात मुळातूनच दुष्ट असू शकते काय, हा प्रश्न त्या गृहस्थांना पुढेही छळत राहिला, हे त्यांच्या पत्रांतून दिसते. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या 2024 च्या नियमपुस्तकात तर ‘वंश’ शब्द काढून ‘प्रजाती’ घातला गेला. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही हे खरे. पण निदान त्यांना टोचले तरी.

आमचे स्वदेशीचे कैवारी म्हणतात, परके एल्फ कशाला, आपले यक्ष-गंधर्व घ्या. जरूर घ्या. पण नुसती नावे घेऊ नका, जुन्या कथाकारांची रीतही घ्या. देव अदितीचे, दैत्य दितीचे, दानव दनूचे, नाग कद्रूचे, गरुड विनतेचा. बाप मात्र सगळ्यांचा एक, कश्यप. म्हणजे ही सारी युद्धे भाऊबंदकीची, बांधावरच्या भांडणासारखी! रावण पुलस्त्य ऋषींचा नातू आणि यक्षराज कुबेराचा सावत्र भाऊ. राक्षसीचा पोर घटोत्कच पडला तो पांडवांच्या बाजूने लढताना.

फार कशाला, घराघरांत साजरा होणारा सणच पाहा. नरकचतुर्दशीला कोकणात नरकासुर म्हणून पायाखाली कारीट चिरडतात. त्या नरकासुराची आई कोण? साक्षात भूमी. आणि दोनच दिवसांनी पाडव्याला, ओवाळताना, बळीचे राज्य येवो असे आपल्या आयाबहिणी म्हणतात. हा बळी तरी कोण? दैत्यच, प्रल्हादाचा नातू, हिरण्यकशिपूचा पणतू. एक असुर पायाखाली, दुसऱ्याचे राज्य हवे, आणि एकाही आजीचा यात कधी गोंधळ उडालेला नाही. तिच्या लेखी असुर ही जमात आहे, स्वभाव नव्हे. आमच्या कादंबरीकाराला मात्र हे साधत नाही.

“एवढे काय मनावर घेता? कल्पनाच आहे, पोरांचे पुस्तक!” असे मला ऐकवले जाते. मी राहतो सोनारीला, काळभैरवनाथाच्या गावी. आमच्या परंडा तालुक्याला लागून बार्शी; निजामाची हद्द संपून इंग्रजांची तिथे सुरू होई. त्या इंग्रजांनी 1871 साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. आत पारध्यांसारख्या जमातींची माणसे, दारावर हजेरी, आणि कुंपणात जन्मलेल्या तान्ह्यालाही तोच शिक्का. देशभरात तो कायदा रद्द झाला 1952 साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. शिक्का त्यानंतरही किती टिकला, हे पाहायचे असेल तर लक्ष्मण गायकवाडांचे 1987 साली आलेले ‘उचल्या’ वाचा. ते पुस्तक आपल्याच मराठवाड्यातले. कायदा लिहिणाऱ्या साहेबानेही आधी कल्पनाच केली होती : एक वंश, एक स्वभाव.

म्हणून माझे मागणे फार नाही. ऑर्कांत एखादी खाष्ट पण न्यायी म्हातारी असू द्या. एल्फांत एखादा कर्जबुडवा दाखवा. हातोडीची धास्ती घेणारा, गाणी रचणारा एखादा ड्वार्फही चालेल. त्यांच्यातही शेजाऱ्याशी न पटणारे, सोयरिकीवरून रुसणारे लोक असतीलच की!

“मग लढाईत मारायचे कोणाला?” असे एका होतकरू लेखकाने मला वैतागून विचारले. ज्याने काही केले असेल त्याला, मी म्हणालो. तो म्हणाला, तसे केले तर दोनशे पाने वाढतील आणि प्रकाशक ऐकणार नाही.

वाढू द्यावीत.