पाळकाला सांगणारे कोणी हवे

धर्माच्या क्षेत्रात अधिकार लाभलेल्या मनुष्यावर जी अनेक संकटे ओढवतात, त्यांत सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक संकट हे, की त्याला उलट बोलणारे हळूहळू नाहीसे होतात. मुलकी अंमलदाराविरुद्ध वरिष्ठांकडे अर्ज करता येतो, सावकारावर दिवाणी दावा लावता येतो. परंतु जो परमेश्वराच्या नावाने बोलतो त्याचा शब्द खोडणे म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वराशीच हुज्जत घालणे, अशी भाबडी समजूत एकदा मंडळीत रुजली, की पाळकसाहेबांचे मत आणि ईश्वरी आज्ञा यांतील सीमारेषा पुसट होऊ लागते. म्हणून ख्रिस्ती नेतृत्वाची पारख करताना वक्तृत्व व विद्वत्ता यांच्या आधी एक प्रश्न विचारावा : ‘आपले चुकते आहे’ असे या गृहस्थांना सांगण्याचा हक्क कोणाला आहे, आणि तो बजावणाऱ्याचे पुढे काय होते?

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात आलेक्सांद्रियाच्या अपुल्लोसाची हकीकत आहे. हा शास्त्रपारंगत आणि अमोघ वाणीचा पुरुष इफिसच्या सभास्थानात बोलत असता प्रिस्किल्ला व अक्विला या तंबू शिवून पोट भरणाऱ्या पतिपत्नीला त्याच्या ज्ञानातील उणीव जाणवली; त्यांनी त्याला बाजूला नेऊन मार्ग अधिक नेमका समजावून दिला, आणि त्यानेही तो समजून घेतला. भरसभेत पाणउतारा नाही, आणि भिडेपोटी मौनही नाही. सांगण्याची रीत आणि ऐकण्याची तयारी, दोन्ही तेथे एकत्र आढळतात.

महाराष्ट्रात या गुणाचे उदाहरण शोधू जाता रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव ओठांवर येते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात शिरले, त्या काळी उपासनेत परदेशी चालींवर बेतलेल्या अनुवादित गीतांचा भरणा होता. गावोगावच्या माणसाचा कान ओवी-अभंगावर आणि टाळमृदंगावर घडलेला आहे, हे टिळकांनी ओळखले व ख्रिस्तभक्तीला भजन-कीर्तनाचा साज चढवला. श्रद्धेच्या गाभ्याला त्यांनी धक्का लावला नाही. आपल्या परंपरेतील तुकोबांचे ऋणही लपवले नाही. पुढे १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते.

तथापि लोकांचे ऐकणाऱ्या याच महापुरुषाने धर्मांतराचा निर्णय मात्र पत्नीला विश्वासात न घेता केला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या कर्मठ घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंची त्यामुळे झालेली होरपळ आणि सुमारे पाच वर्षांची ताटातूट ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात जशी उतरली आहे तशी वाचली, की व्यासपीठावरून लोकमानस जाणणाऱ्याचे कान घराच्या उंबरठ्याशी बंद होऊ शकतात, हे कळते. आणि विशेष हे, की टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य शेवटी याच, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

यावर आक्षेप येईल, की प्रत्येकाचे ऐकणारा नेता वाऱ्यावरच्या पानासारखा भरकटेल आणि सिद्धान्त काही बहुमताने ठरत नसतात. मान्य, परंतु ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे, तर निर्णयापूर्वी वस्तुस्थिती जाणून घेणे. नाशिक जिल्ह्यातील आमच्या वणी परिसराचेच पाहा. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडील आदिवासी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला उतरतात. घडांच्या विरळणीच्या आणि ते संजीवकात बुडवण्याच्या (थिनिंग-डिपिंगच्या) दिवसांत तांबडे फुटण्यापूर्वी पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून निघालेल्या बाईला रविवारी दहाची उपासना गाठणे कसे शक्य आहे? घरात कोकणा बोली बोलणाऱ्या तिच्या सासूला ग्रांथिक मराठीतले प्रवचन कितपत उमगते? हे प्रश्न धर्मशास्त्राचे नाहीत, आणि त्यांची उत्तरे कोणत्याही सेमिनरीत शिकवली जात नाहीत. ती त्या दोघींनाच ठाऊक आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात जगभर चालवलेल्या सिनॉडच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या विचारविनिमय-सभेच्या, प्रक्रियेचे मर्म हेच होते. ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात कार्डिनल, बिशप आणि सामान्य प्रापंचिक एकाच गोल मेजाभोवती बसले आणि स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला. रोमसारख्या पुराणप्रिय पीठाला जे जमले, ते आपल्या लहान मंडळ्यांना अवघड का वाटावे?

केवळ नम्र मुद्रेने हे साधत नाही; त्याला व्यवस्था लागते. वर्षातून एकदा तरी पाळकाने श्रोत्यांच्या बाकावर बसावे आणि मंडळीने बोलावे. त्या दिवशी जमाखर्चाची वही उघडी असावी, पहिली पाळी स्त्रियांची आणि मजुरांची असावी, आणि मांडलेल्या प्रत्येक तक्रारीवर काय केले ते पुढच्या वर्षी त्याच सभेत वाचून दाखवावे. ज्याला यात मानहानी वाटते, त्याने उपदेशाची जोखीम पत्करण्यापूर्वी काही काळ प्रिस्किल्लेच्या घरी शिकायला जावे, हे उत्तम.