विषयांच्या भिंती पाडा !



रनाळ्यासारख्या गांवांतील मूल नववी-दहावीच्या वर्गांत बसतें, तेव्हां त्याच्यापुढें एक मास्तर जातात, दुसरे येतात. पहिल्यानें काय शिकविलें याचा दुसऱ्याला बहुधा पत्ता नसतो. प्रत्येक विषयाचें गांठोडें वेगळें, आणि परीक्षा होतांच तें कोपऱ्यांत !

आतां घरचा व्यवहार पाहा. नंदुरबारची मिरची नांवाजलेली. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ती वाळते. समजा, १०० किलो ओली मिरची ४० रुपये किलोनें घेतली व वाळून २५ किलो उरली. मग मजुरी न धरतांही किलोला १६० रुपये आले तरच मुद्दल सुटलें. हें गणित. पाणी कसें उडालें, बुरशी कां धरली, हें विज्ञान. अवकाळी पाऊस कां पडतो, हा भूगोल. मिरची अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, हा इतिहास. नुकसानीचा अर्ज लिहिणें, हें मराठी. एका पथारीवर पांच विषय सुखानें नांदतात. मग पांच शिक्षकांनीं एकत्र कां बसूं नये?

ही मागणी नवी नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शाळेंत शेतीच्या ज्ञानाला जागा मागितली, आणि नांगर किंवा वाकस हातीं धरण्याची लाज न वाटणारा शिक्षक मागितला. १९३७ सालच्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीनें हस्तोद्योगाशीं सर्व विषय जोडण्याची योजना मांडली. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही विषयांमधील ताठर भिंती नकोत असेंच सांगतें. कागद झाले, भिंती उभ्याच!

कोणी म्हणतील, "अभ्यासक्रम कसा पुरा व्हावा ?" अहो, तीच शेंकडेवारी एकमेकांस न विचारतां दोन वर्गांत दोनदां शिकविण्यांत वेळ जात नाहीं काय ? दुसरे म्हणतील, शिक्षकांस फुरसत नाहीं. हें मात्र खरें. निवडणुकीचीं कामें व माहितीचे तक्ते यांखालीं तो दबला आहे. म्हणून सारा दोष त्याच्या माथीं मारूं नका. वेळ देणें हें संस्थाचालकांचें व सरकारचें काम आहे. आठवड्याचा एक तास वेळापत्रकांतच राखा. त्यांत सर्व विषयांचे शिक्षक मिळून महिन्याचा एक धडा ठरवोत, मग एकमेकांच्या वर्गांत जाऊन बसोत. त्या तासावर नवा अहवाल मात्र लादूं नका. नाहीं तर धडा राहील आणि फाईल फुगेल!

पालकांनो, सभेंत गुणपत्रिकेवर सही करून मुकाट्यानें परतूं नका. "सारे शिक्षक एकत्र केव्हां बसतात ?" असें उभे राहून विचारा. आणि त्यांना आपली पथारी, आपला भाता, आपला वजनकांटा दाखवा. शाळा तुमच्या पैशावर चालते. हा प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे.